कारणाचा रकाना

महादेवप्पांचा अंगठा यंत्राला ओळखू येत नव्हता, आणि नेमका त्याच वेळी उज्वलाचा फोन आला. नोव्हेंबर महिना, लातूरच्या बँकेत पेन्शनवाल्यांची रांग, जो तो आपण अजून जिवंत आहोत एवढंच सांगायला आलेला. काउंटरवरची मुलगी म्हणत होती, काका, जरा दाबून ठेवा, परत एकदा, आता दुसरं बोट द्या. ते एकेक बोट देत होते आणि यंत्र एकेक बोट नाकारत होतं. चौतीस वर्षं बियाणं तपासण्यात गेली. सोयाबीन, तूर, हरभरा, करडई, जे येईल ते दोन बोटांत चोळून बघायचं. त्या दाण्यांनी बोटांवरच्या रेघाही नेल्या असतील, कुणी हिशोब ठेवलाय. डाव्या हातानं फोन कानाला लावला तर तिकडून उज्वला एका दमात म्हणाली, "अप्पा, मला एक कुत्र्याचं पिल्लू घेऊन द्या." ते म्हणाले, "काय?" ती म्हणाली, "पिल्लू. कुत्र्याचं. कसलंही चालेल. ठेवते, हे आले." फोन बंद झाला आणि करंगळीला यंत्राचा दिवा हिरवा झाला. "झालं काका, आहात तुम्ही," असं म्हणून त्या मुलीनं पुढच्या माणसाला हात केला. आपण आहोत असा कागद घेऊन महादेवप्पा बराच वेळ बँकेच्या पायरीवर उभे राहिले.

आता खरं म्हणजे यात घाबरण्यासारखं काय होतं. लेकीनं बापाकडं काहीतरी मागितलं, झालं. पण लग्नाला चार वर्षं झाली, त्या चार वर्षांत उज्वलानं पंचमीला साडी मागितली नव्हती, की उन्हाळ्यात एक आंबा मागितला नव्हता. काही नको अप्पा, सगळं आहे, हे तिचं ठरलेलं बोलणं. आणि आज एकदम कुत्रं. घरी येऊन त्यांनी अंबिकाबाईंना सांगितलं तेव्हा त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग द्या घेऊन." "अगं, कुत्रं म्हणजे मेथीची जुडी आहे का, गेलो आणि आणली? आपल्यात कधी कुणी कुत्रं घरात घेतलंय? त्याला अंडं लागतं, मटण लागतं." "दहीभात खाईल. पोरीनं तोंड उघडून काही मागितलं नव्हतं आजपर्यंत." हे खोटं होतं आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. उज्वलानं एकदा मागितलं होतं. पण ती वस्तू नव्हती, आणि तो विषय या घरात निघत नसे. अंबिकाबाई शेंगा सोलत राहिल्या, महादेवप्पा शर्टाच्या आतलं गळ्यातलं इष्टलिंग चाचपत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी वही काढली. खात्यातून निवृत्त झाला तरी माणूस निरीक्षकच राहतो. पोत्यातला माल हाताला लागला की आपोआप डोळा बारीक होतो. वहीत त्यांनी आधी खर्च मांडला. पिल्लाचे अठरा ते पंचवीस हजार, तीन डोस, जंताचं औषध, पाकिटातलं खाद्य महिन्याला अडीच हजार, आजारपणाला वेगळे दहा. जावयावर भार नको, पहिल्या वर्षाचं सगळं आपणच द्यायचं, ते पेन्शनमधून निघतं, हे त्यांनी दोनदा बघून घेतलं. मग दुसऱ्या पानावर प्रश्न लिहिले. पिल्लू किती दिवसांचं? आईचं दूध किती आठवडे प्यालं? डोसचं पुस्तक आहे का? आईला वर्षात किती वेळा पिल्लं होऊ देता? आणि सगळ्यात खाली, दोन रेघा ओढून: आई दाखवता का? एवढी वही घेऊन हा म्हातारा लातूरच्या एका दुकानात गेला. तिथं जाळीच्या पिंजऱ्यात चार पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडून झोपली होती. दुकानदार म्हणाला, "आई कशाला पाहिजे काका? तुम्हाला पिल्लूच न्यायचंय ना?" महादेवप्पांनी वही मिटली. दुसऱ्या एकानं फोनवर सांगितलं की पैसे पाठवा, पिल्लू खोक्यात घालून ट्रॅव्हल्सनं देतो, लातूरला उतरवून घ्या. त्याचं नाव त्यांनी वहीत खोडलं. बियाणं असो की जनावर, जो माल आधी आणि नमुना नंतर म्हणतो त्याच्या दारात उभं राहायचं नाही. तीन आठवडे असे गेले. रोज संध्याकाळी ते अंबिकाबाईंना अहवाल देत. एकदा त्या ऐकता ऐकता एकदम म्हणाल्या, "एवढी चौकशी तेव्हा..." आणि तिथंच थांबल्या. तांब्या उचलून आत गेल्या. महादेवप्पांनी वहीत कोरं पान काढलं आणि त्यावर काहीच लिहिलं नाही.

शेवटी नांदेडचं एक नाव मिळालं. जिलानी. विष्णुपुरीच्या अलीकडं शेतात राहतो, लॅब्रॅडोरची पिल्लं देतो, पण माणूस विचित्र आहे, सगळ्यांना देत नाही, असं सांगणाऱ्यानं सांगितलं. महादेवप्पांना ते विचित्रपणच आवडलं. रविवार धरून ते सकाळच्या गाडीनं निघाले. जावयाला आदल्या दिवशी फोन करून विचारलंही होतं, वीरेश म्हणाला, "मामा, तुम्ही म्हणता म्हटल्यावर मी कोण नको म्हणणारा?" किती गोड बोलतो पोरगा. खिडकीजवळची जागा मिळाली होती, पाण्याची बाटली, वही, अंबिकाबाईंनी दिलेले शेंगदाण्याचे लाडू मांडीवर. गाडी चाकूरला थांबली आणि त्यांनी नेहमीसारखं दुसरीकडं बघायचं ठरवलं, पण मान वळायची तिकडंच वळली. वीरेशचं घर इथलं. याच स्टँडमागच्या गल्लीत ते स्थळ बघायला आले होते. मुलगा इंजिनिअर, बांधकामाच्या कंपनीत, नांदेडला स्वतःचा फ्लॅट, सुपारीचंही व्यसन नाही, आणि आपल्यातलेच, नात्यातून नातं लागणारे. दोन तासांत सगळं झालं. त्यांनी काय विचारलं होतं? पगार विचारला. फ्लॅटचं कर्ज किती राहिलंय ते विचारलं. पोहे आले, चहा आला. चहा घेऊन वीरेशची आई आली होती. ती बाई तेवढा सगळा वेळ दारात उभी होती. "बसा की वैनी," असं अंबिकाबाई दोनदा म्हणाल्या तर तिनं आधी नवऱ्याकडं बघितलं, आणि मग नुसती हसली. परतीच्या वाटेवर महादेवप्पा केवढ्या समाधानानं म्हणाले होते, "सासू अगदी गरीब आहे हो, आपल्या पोरीला काही त्रास नाही."

पोत्यात सळी घालून नमुना काढायची एक रीत आहे. वरून मूठभर घ्यायचं नाही. सळी तिरकी, खोलवर, तळापर्यंत घालायची, कारण वरचा थर सगळेच चांगला ठेवतात. नव्या पोरांना ते हे शिकवत. आणखी एक शिकवत: बियाण्याचा लॉट नापास करायचा तर तक्त्यात कारणाचा रकाना भरायला पाहिजे. उगवण कमी, ओल जास्त, भेसळ, काय असेल ते. रकाना कोरा राहिला तर तुम्हाला कितीही शंका असो, लॉट पास. शंकेवर शिक्का मारता येत नाही. हे नियमाला धरून होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी श्रावणात उज्वला एक पिशवी घेऊन लातूरला आली आणि अकरा दिवस राहिली. परत जायचं नाही म्हणाली. महादेवप्पांनी तिला समोर बसवून शांतपणे विचारलं होतं, आवाज चढवला नव्हता, त्याची त्यांना आजही खात्री आहे. मारतो का? नाही. पितो? नाही. बाहेर काही आहे का? नाही. खायला-प्यायला कमी? नाही अप्पा. मग काय झालं? ती फरशीकडं बघत राहिली. काय झालं ते तरी सांग, काय म्हणून सांगू मी लोकांना? "सांगता येत नाही अप्पा. काही झालेलं नाही." सगळे रकाने कोरे. बाराव्या दिवशी याच गाडीनं ते तिला पोचवायला निघाले. गाडी इथं चाकूरला थांबली तेव्हा ती म्हणाली होती, "अप्पा, इथं उतरू या का?" त्यांना वाटलं, सासू-सासऱ्यांना भेटायचं असेल. "नाही, नुसतं उतरू. थोडा वेळ." "उतरून काय करायचं?" ते म्हणाले. खरंच विचारलं होतं त्यांनी, उतरून काय करायचं ते त्यांना कळलं नव्हतं. मग कंडक्टरनं घंटी मारली. आत्ताही मारली. महादेवप्पांनी लाडवाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला.

जिलानीचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढं मोठी पडवी, कडुलिंबाखाली चुन्यानं पांढरी केलेली भिंत. माणूस साठीचा, उंच, डाव्या हाताची दोन बोटं वाकडी. वडील घोड्यांना नाल ठोकायचे, ते बघत जनावरात वाढलो, एवढीच त्यानं स्वतःची ओळख सांगितली. "बसा साहेब. शकिला, पाणी दे गं साहेबांना. हां, आता विचारा, काय काय लिहून आणलंय ते." महादेवप्पांनी वही उघडली. एकेक प्रश्न ते विचारत गेले आणि जिलानी न अडखळता सांगत गेला. दोन महिने झाल्याबिगर देत न्हाई. डोसचं पुस्तक हे बघा. वर्षाला एकच वेत, तेबी आईची तब्येत बघून. आई दाखवता का, हा शेवटचा प्रश्न आला तेव्हा तो पहिल्यांदा हसला. "आता कसं बोललात. लोकं पिल्लूच बघत राहतात. पिल्लू काय, समदीच गोड असतात. आई बघा. आई जर माणूस आल्यावर भिंतीला चिटकत असंल तर पिल्लू घेऊ नका, कितीबी चांगलं दिसू द्या." त्यानं हाक मारली आणि फिकट पिवळी, भल्या अंगाची कुत्री आतून आली, सरळ महादेवप्पांच्या जवळ येऊन त्यांच्या पिशवीत तिनं नाक घातलं आणि तिथंच फतकल मारून बसली. त्याची बायको शकिलाबी म्हणाली, "लाडू हाय काय पिशवीत? तिला वास आलाय." महादेवप्पांना एकदम फार बरं वाटलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मनासारखा माल दिसत होता, तळापर्यंत एकसारखा. त्यांनी एक पिल्लू उचलून घेतलं. त्याचं पोट गरम होतं आणि छाती भराभर हलत होती.

मग जिलानीनं आपली वही काढली. हे महादेवप्पांच्या ध्यानीमनी नव्हतं. पिल्लू कुणासाठी? मुलीसाठी. राहते कुठं? नांदेडलाच, तिसऱ्या मजल्यावर. घरात कोण कोण? ती आणि जावई. दिवसभर पिल्लाजवळ कोण? ती असते, नोकरी होती, सोडली. का सोडली? महादेवप्पा म्हणाले, "आता ते... घरातलं असतं ना." जिलानीनं काही लिहिलं नाही. घरात अंडं-मटण चालतं का? नाही. "न्हाई तर न्हाई. दही-भात, पनीर, पाकिटातलं, जगतात. लई घरं हायत तशी माझी." माझी घरं म्हणत होता तो, आजवर जिथं जिथं पिल्लं दिली ती. शेवटी त्यानं एक छापील कागद पुढं केला. "ही माझी एकच शर्त हाय. पैसे कमी-जास्त करू, पर ह्याच्यात न्हाई. पिल्लू नको झालं, आजारी पडलं, म्हातारं झालं, तुम्हाला जमंना झालं, कधीबी, दहा सालांनी का होईना, ते माझ्याकडंच परत आणून द्यायचं. रस्त्यावर सोडायचं न्हाई, दुसऱ्याला द्यायचं न्हाई. मी घेतो. कारण विचारत न्हाई." महादेवप्पा पेन उघडून बसले होते. "कारण विचारत नाही म्हणजे?" "म्हंजे न्हाई विचारत. कारण विचारलं की माणसं आणत न्हाईत, साहेब. लाजतात. मग सोडून येतात कुठंतरी. विचारलंच न्हाई तर जनावर घरी येतं. काय झालं, काय न्हाई, ते आल्यावर त्याच्याकडं बघून मला कळतंच की." त्यांनी सही केली. सही करताना म चा दांडा फार लांब गेला, खात्यात अशी सही त्यांनी कधी केली नव्हती. विसार म्हणून आगाऊ पाच हजार दिले. अजून घर बघायचं राहिलंय, असं म्हणून जिलानीनं पैसे वरच्या खिशात ठेवले.

तर असं होतं ते. घर बघितल्याशिवाय तो देत नसे, आणि बघायला जाताना पिल्लू बरोबर नेत असे. जिलानी पुढं, महादेवप्पा मागं आणि त्यांच्या मांडीवर टॉवेलात ते पिल्लू, अशी ती स्कूटर दुपारच्या उन्हात नांदेडमधून चालली. काय सांगावं, त्या वीस-पंचवीस मिनिटांत महादेवप्पांना वर्षानुवर्षांत वाटलं नव्हतं इतकं सुख वाटलं. पिल्लू त्यांच्या करंगळीचं टोक चोखत होतं. आता लेक दार उघडेल, आता बघेल. तिचा लहानपणीचा चेहरा त्यांना आठवत होता, शेळीचं करडू बघून दोन्ही हात पोटाशी घेऊन उडी मारायची तो. दार वीरेशनं उघडलं. "मामा, फोन करायचा ना, घ्यायला आलो असतो. या या, बसा. हे कोण? अच्छा, या ना तुम्हीपण." घर चकचकीत होतं. टीपॉयवर काही नव्हतं, जेवणाच्या टेबलावर काही नव्हतं, चपलांच्या जोड्या भिंतीला धरून एका ओळीत. उज्वला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिनं पिल्लू पाहिलं. तिचे दोन्ही हात पोटाशी गेले आणि तिथंच थांबले, आणि मग तिनं वीरेशकडं बघितलं. वीरेश म्हणाला, "घे ना, तुझ्यासाठीच आणलंय." तेव्हा तिनं घेतलं. महादेवप्पा हसले. सगळं छान चाललं होतं. चहा झाला. जिलानी फार बोलत नव्हता, बशीतला चहा फुंकून पीत होता. मधेच त्यानं विचारलं, "ताई, नाव काय ठेवणार?" उज्वलानं तोंड उघडलं. "शेरू," वीरेश म्हणाला. "मी कालच ठरवलंय." उज्वलानं मान हलवली. पिल्लू जमिनीवर सोडलं होतं, ते हुंगत हुंगत सोफ्यापर्यंत गेलं आणि पांढऱ्या फरशीवर मुतलं. एवढंच झालं. वीरेश रागावला नाही, ओरडला नाही, उलट हसलाच, म्हणाला, "असू दे, असू दे, लहान आहे." पण तो असू दे म्हणायच्या आतच उज्वला गुडघ्यावर बसली होती आणि ओढणीनं पुसत होती. फडकं आणायला उठली नाही. पुसलं, परत पुसलं, कोरडी झालेली जागा तिसऱ्यांदा पुसली. जिलानीनं बशी खाली ठेवली आणि पिल्लाला उचलून टॉवेलात घेतलं. "चलतो साहेब. खाली या जरा, बोलायचं हाय."

खाली स्कूटरजवळ त्यानं वरच्या खिशातले पाच हजार आणि तो सही केलेला कागद महादेवप्पांच्या हातात ठेवला. "या घरात मी पिल्लू देत न्हाई, साहेब." त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "का? काय पाहिलं तुम्ही?" "काई न्हाई पाहिलं." "मग? अहो, घर चांगलं आहे हो. स्वतःचा फ्लॅट आहे. मुलगा निर्व्यसनी आहे, इंजिनिअर आहे, सुपारी खात नाही. बघितलंत ना, पिल्लानं घाण केली तर हसला तो. रागावला का? आवाज तरी चढला का त्याचा?" ते बोलत होते आणि आपलंच बोलणं त्यांना दुसऱ्या कुणाचं तरी, चाकूरच्या त्या बैठकीतलं, ऐकू येत होतं. पण थांबता येत नव्हतं. "काहीतरी कारण सांगा. कारण नसताना नापास कसं करता तुम्ही?" जिलानीनं पिल्लाच्या डोक्यावरून टॉवेल नीट केला. "साहेब, बत्तीस साल झाले मी हे करून राहिलो. पिल्लू मुतलं की माणूस पिल्लाकडं बघतो. हसतो न्हाईतर चिडतो, पर बघतो पिल्लाकडं. तुमच्या मुलीनं पिल्लाकडं न्हाई बघितलं. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं, आन् पुसायला बसली. त्यो हसू दे का रडू दे. आता ह्याला काय कारण म्हणून लिहू मी? जनावराला अशा घरात आवाज करायला भ्या वाटतं. चार महिन्यांत भिंतीला चिटकायला लागतं. मारायची गरज पडत न्हाई." महादेवप्पांचा चेहरा बघून जिलानी जरासा ओशाळला असावा. स्कूटर सुरू करता करता हळू आवाजात म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. मी आपलं पिल्लाचं बोलून राहिलो."

स्कूटर गेली. पिल्लाचं तोंड टॉवेलातून थोडं बाहेर आलेलं वळणापर्यंत दिसत होतं. महादेवप्पा जिन्याशी उभे राहिले. एका परक्या माणसानं दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू ज्या घरात ठेवायला नकार दिला त्या घरात आपण आपली लेक एकदा देऊन आलो, आणि ती परत आली तर हाताला धरून दुसऱ्यांदा ठेवून आलो. हे असं सरळ वाक्य त्यांच्या डोक्यात तयार झालं आणि ते त्यांना खोडता येईना. बसायला काही असतं तर ते बसले असते. छातीत दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती, नुसती लाज वाटत होती, लहान पोराला चड्डी ओली झाल्यावर वाटते तशी. मग त्यांनी ठरवलं. वर जायचं. सांगायचं, चल ऊठ, पिशवी घे, लातूरची गाडी साडेसहाला आहे. ती काही सांगायला लागली तर सांगू द्यायचं नाही. काही विचारायचं नाही. कधीही ये, मी घेतो, कारण विचारत नाही. पहिला जिना चढताना हे वाक्य त्यांनी पुटपुटून बघितलं, दुसऱ्या जिन्यावर पाठ झालं, तिसऱ्यावर ते कठड्याला धरून थांबले आणि आणखी एकदा म्हणून घेतलं. कारण विचारायचं नाही. आयुष्यभर ज्या रकान्यावाचून त्यांचा नापासाचा शिक्का उठला नाही तो रकाना आता कोरा ठेवायचा, एवढंच तर होतं. त्यांनी बेल दाबली.

दार उज्वलानं उघडलं. आत वीरेश कुणाशी तरी फोनवर हसून बोलत होता. तिनं त्यांच्या हाताकडं बघितलं, मग मागं जिन्याकडं बघितलं. ओढणीचं ओलं टोक तिनं मुठीत धरलं होतं.

"पिल्लू?"

"नाही देत म्हणाला."

"बरं." मग तिनं विचारलं, "किती वेळ बसले होते ते?"

"वीस मिनिटं बसला असेल."

तिनं मान हलवली. वीस मिनिटं, असं ती स्वतःशीच म्हणाली. त्यात राग नव्हता. अकरा दिवसांचा विषयही तिनं काढला नाही, पण महादेवप्पांना तोच ऐकू आला. त्यांनी तोंड उघडलं, वाक्य जिभेवर तयार होतं, तीन जिने चढून आणलेलं. पण तीच आधी बोलली. अगदी हळू, आतला आवाज चालू आहे तोवर, बँकेत फोनवर बोलली होती तशी एका दमात.

"अप्पा, मला नेता का?"

"काय झालं?" महादेवप्पा म्हणाले.

ते त्यांनी म्हटलं नाही, ते तोंडातून निसटलं. चौतीस वर्षांच्या सवयीनं, दोन बोटं दाण्याला लागल्यासारखं आपोआप. शब्द बाहेर पडल्याबरोबर त्यांना ते हातानं परत तोंडात घालावेसे वाटले. नाही नाही, असं म्हणायला ते पुढं झाले, पण उज्वलाचा चेहरा तेवढ्यात नीट झाला होता. श्रावणात फरशीकडं बघत होती तेव्हा झाला होता तसाच. दारात उभी असलेली चाकूरची ती बाई हसली होती तसं ती थोडंसं हसली.

"काही नाही. सहज विचारलं."

"उज्वला, तसं नाही गं, मी..."

"कोण आहे?" आतून वीरेशचा आवाज आला. "मामा का? आत बोलव ना त्यांना." "नाही, निघालेत," ती म्हणाली, "गाडी आहे त्यांची." आणि खाली वाकून तिनं त्यांच्या पायांना हात लावला. हात थंड होता. मग दार लागलं, आवाज न करता, कडी सरकतानासुद्धा आवाज झाला नाही.

महादेवप्पांनी बेल दाबायला हात वर केला. बेल दाबली तर वीरेश येणार. मामा, विसरलात का काही? असं विचारणार, आणि त्याला काय सांगायचं. माझ्या मुलीला नेतो. का? या का-ला त्यांच्याकडं आजही उत्तर नव्हतं. मारतो का, नाही. पितो का, नाही. फरशी तीनदा पुसली, असं सांगायचं? त्यांनी हात खाली घेतला, परत वर केला, परत खाली घेतला. दोन पायऱ्या उतरले आणि पुढचं पाऊल उचलेना. तिथंच, दाराकडं तोंड करून, ते पायरीवर बसले. कागद अजून हातात होता. चष्मा न लावताही त्यावरची आपली सही त्यांना दिसत होती, लांब गेलेला म चा दांडा. आतून भांड्याचा एक बारीक आवाज आला, मग नळाचा, मग काहीच नाही. साडेसहा वाजून गेले. गाडी आता सुटली असेल, लोह्याच्या रस्त्याला लागली असेल. अंबिकाबाईंचा फोन दोनदा थरथरला, त्यांनी तो उचलला नाही. जिन्यातला दिवा कुणीतरी लावला. वरच्या मजल्यावरची एक बाई भाजीची पिशवी घेऊन चढत आली, त्यांना बघून दचकली, मग जवळ येऊन वाकली. "काका, असे का बसलात? बरं वाटत नाही का? काय झालं?"

महादेवप्पांनी तिच्याकडं बघितलं. बाई भली होती, खरोखर काळजीनं विचारत होती, आणि सांगण्यासारखं काहीतरी त्यांना शोधायचं होतं. त्यांनी बराच वेळ शोधलं.

"काही नाही," ते म्हणाले. "सहज बसलोय."

बाई वर निघून गेली. ते तसेच बसून राहिले.